चिपाडाची वीज

२०२१ साली ग्लासगो येथील परिषदेत भारताने २०३० पर्यंत ५ लक्ष मेगावॅट वीजनिर्मितीची क्षमता कोळसा व खनिज तेल यांवाचून उभारण्याचा संकल्प सांगितला. तत्पूर्वी २०२२ सालासाठी १ लक्ष ७५ हजार मेगावॅटचे उद्दिष्ट होते. त्यात काडीकचऱ्याच्या, ज्याला आज बायोमास म्हणतात त्याच्या, वाट्यास अवघे १० हजार आले होते. एकंदर उद्दिष्ट मुदतीत साधले नाही. हा धाकटा वाटा मात्र पुरा झाला, आणि त्याचे श्रेय बव्हंशी साखर कारखान्यांना आहे.

रस काढल्यावर उरणारे उसाचे चिपाड आपण सर्वांनी पाहिले आहे. एक टन उसामागे ते पाव टनाहून थोडे अधिक पडते, व त्यात निम्मे पाणीच असते. जुन्या कारखान्यांत ते कमी दाबाच्या बॉयलरांत कसेबसे जाळून टाकीत, कारण ढिगाची अडचण होई. नव्या रीतीत मोठ्या दाबाची वाफ प्रथम टर्बाइन फिरविते आणि मग तीच वाफ रस आटविण्यास जाते. आपल्या चुलीला वैल असे, त्यातलाच हा प्रकार म्हणाना!

परंतु गळिताचा हंगाम दिवाळीच्या सुमारास सुरू होऊन चैत्राच्या आसपास आटोपतो. पुढे साठविलेल्या चिपाडावर काही काळ निभावते, मग यंत्र थंड. मेगावॅटचा आकडा कागदावर बारमाही असतो. चिपाड तसे नसते.

यावर विदर्भातील पऱ्हाट्या व तुऱ्हाट्या जाळाव्या असे सुचविण्यात येते. पण त्या हलक्या. गाडी भरलेली दिसते, वजन भरत नाही, आणि नफा भाड्यातच जातो. शिवाय ज्या घरी त्या सरपण म्हणून लागतात त्या घरची चूल मग कशावर पेटावी, हाही प्रश्न आधी विचारावयास हवा.

मी मरोळचा रहिवासी. १९४९ साली स्थापन झालेली आरे दुग्धवसाहत आम्हांस लगतच. तेथील गोठ्यांचे शेण मिठी नदीत जाते, ही तक्रार इकडे जुनी आहे. हेच शेण बंद टाकीत कुजविले तर त्याच्या वायूवर इंजिन चालते, वीज होते, आणि वर खतही हाती राहते. दूरवरून माल आणण्याचे भाडे नाही. उद्दिष्टाच्या तक्त्यात एवढीशी वीज कदाचित दिसणारही नाही. तथापि माझे मत असे की, दूरच्या पऱ्हाट्यांवर नवी वीजगृहे उभारण्याआधी सरकारने येथील गोठ्यांपाशी टाक्या बांधाव्या. ऐन श्रावणात चिपाड संपलेले असते, ऊनही बेताचेच असते. म्हशी मात्र जागच्या जागी असतात.