पडदा, कॅमेरा आणि पिकअपचा चालक



गोवंडीचे नाव निघाले की 1927 साली सुरू झालेली देवनारची कचराभूमी आणि 1971 साली उभे राहिलेले तेथील पशुवधगृह, एवढ्या दोनच गोष्टी बाहेरच्या माणसास आठवतात. ह्या दोहोंच्या आसपासच्या वस्त्यांचा रोजचा व्यवहार ज्या वाहनांवर चालतो, त्यांच्याकडे मात्र फारसे कोणाचे लक्ष जात नाही. शिवाजीनगर आणि बैंगनवाडीच्या गल्ल्यांतून पहाटेपासून लहान मालमोटारींची ये-जा सुरू होते. कोणात मांस असते, कोणात भंगार, कोणात शिवून तयार झालेले कपडे, तर कोणात खाडीपलीकडील वाशीच्या बाजारातून आलेला भाजीपाला. ह्याच जातीची वाहने जुन्नर, नाशिक, साताऱ्याकडील गावांतूनही दिसतात, आणि गावातील एखाद्या तरुणाने कर्ज काढून पिकअप घेतली ही बातमी आता ग्रामपंचायतीच्या ओट्यावर नवी राहिलेली नाही. तेव्हा गोवंडीच्या चालकांचा हा विषय केवळ मुंबईचा आहे, असे कोणी समजू नये.

सन 2005 मध्ये टाटांची एस ही गाडी बाजारात आली आणि लोकांनी तिचे ‘छोटा हत्ती’ असे बारसे केले. त्या काळी चालकासमोर वेग, इंधन आणि इंजिनाची उष्णता दाखविणारे काटे व दोन-चार दिवे एवढेच असत. सप्टेंबर 2024 मध्ये आलेल्या महिंद्रांच्या वीरो ह्या मालगाडीच्या वरच्या श्रेणीत सव्वादहा इंचांचा स्पर्शाने चालणारा पडदा, मागचे दृश्य दाखविणारा कॅमेरा आणि चालकासाठी हवेची पिशवी आहे. वाहन कोठे आहे, किती वेगाने चालले आहे, इंधन किती जळाले, ब्रेक किती जोराने दाबला, ही सारी माहिती मालकाच्या मोबाईलवर पाठविणारी यंत्रणाही अनेक नव्या पिकअपमध्ये असते. दोन दशकांत चालकाची केबिन एखाद्या लहानशा कचेरीसारखी झाली आहे. ज्याला त्या कचेरीत बसून दहा-बारा तास काम करावयाचे, त्याचे म्हणणे काय, हे पाहणे अगत्याचे आहे.

ह्या साधनांपैकी मागच्या कॅमेऱ्याविषयी चालकांत मतभेद फारसा आढळत नाही. गोवंडीच्या ज्या गल्लीत पिकअप शिरते, तेथे ती वळविण्यास जागा नसते. माल उतरवून उलटेच बाहेर यावे लागते. दोन्ही बाजूंस पाण्याची पिंपे, पायऱ्या, दुचाकी आणि शाळेतून सुटलेली मुले. आजवर हे काम क्लीनरच्या आवाजावर चालत आले. तो मागे उभा राहून ‘येऊ दे, येऊ दे’ म्हणतो आणि हौद्यावर थाप मारली की गाडी थांबते. परंतु लहान भाड्यावर क्लीनर परवडत नाही, आणि अनेक चालक एकटेच फिरतात. हौद्याच्या पाठीमागे उभे असलेले तीन वर्षांचे मूल कोणत्याही आरशात दिसत नाही, ते कॅमेऱ्यात दिसते. अमेरिकेत पिकअप ही घरोघरची गाडी. मागे येणाऱ्या मोटारीखाली सापडून मृत्यू पावलेल्या एका बालकाच्या नावाने तेथे 2008 साली कायदा झाला, आणि मे 2018 पासून सुमारे साडेचार टनांपर्यंतच्या सर्व नव्या वाहनांस असा कॅमेरा सक्तीचा झाला. गोवंडीच्या चालकास ह्या कायद्याची माहिती असण्याचे कारण नाही. परंतु जुन्या गाडीला गॅरेजमधून पदरच्या पैशाने कॅमेरा बसवून घेणारा चालक त्याच निष्कर्षाप्रत आलेला असतो.

त्याच्या तक्रारी आहेत, त्या वापरातून आलेल्या आहेत. पावसाळ्यात भिंगावर चिखल बसतो. ताडपत्रीचे टोक किंवा दोर खाली लोंबला की पडद्यावर तेवढाच दोर दिसतो. चाकांच्या बाजूने धावत आलेले मूल कॅमेऱ्यास दिसत नाही, म्हणून आरसा आणि कान ह्यांची सुटका होत नाही. चार चालक एकत्र बसले की कोणी ना कोणी हे बोलून दाखवितो, आणि ते खरे आहे.

पडद्याची गोष्ट वेगळी आहे. पंख्याची खुंटी किंवा दिव्याचे बटन हाताला सवयीने सापडते, त्यासाठी नजर रस्त्यावरून काढावी लागत नाही. सपाट काचेवर मात्र बोट कोठे टेकले हे पाहावेच लागते, आणि घामाने किंवा तेलाने माखलेल्या बोटाला पडदा नीट दाद देत नाही. चालकांच्या ह्या कुरकुरीला आळशीपणा किंवा जुनेपणा म्हणण्याचे कारण नाही. युरोपात वाहनांच्या सुरक्षिततेस गुण देणाऱ्या संस्थेने 2026 पासून नवा दंडक घातला आहे. वळणाचे दिवे, धोक्याचे दिवे, वायपर, भोंगा व मदतीची हाक ह्यांसाठी स्वतंत्र बटने वा दांडे नसतील, तर वाहनास सर्वोच्च गुण मिळविणे कठीण होईल. पंख्याच्या खुंटीचा त्या यादीत समावेश नसला, तरी त्यामागील विचार ह्या चालकांच्याच अनुभवाचा आहे.

तथापि गोवंडीतील बहुसंख्य पिकअप जुन्या आहेत, आणि त्यांतील खरा पडदा म्हणजे काचेजवळ चिमट्यात अडकविलेला मोबाईल. रस्ता त्यावर दिसतो आणि भाडेही त्यावरच येते. 2019 च्या दुरुस्तीनंतर मोटार वाहन अधिनियमाच्या कलम 184 खाली वाहन चालविताना हातातील मोबाईलचा वापर हे धोकादायक वाहनचालन ठरते. लक्ष विचलित होणार नाही अशा रीतीने केवळ मार्ग पाहण्यास ऑक्टोबर 2020 पासून मुभा आहे. परंतु भाड्याची सूचना आली की काही क्षणांत ती स्वीकारावी लागते. न स्वीकारल्यास ते दुसऱ्याकडे जाते. घाटकोपर-मानखुर्द जोडरस्त्यावर अवजड वाहनांच्या रांगेत अडकलेल्या चालकाने त्या क्षणी काय करावे? कायदा एक सांगतो आणि पोट दुसरे. दंड चालकास होतो. सूचना पाठविणाऱ्या व्यवस्थेस गाडी उभी आहे की धावते आहे हे ठाऊक असते, तरी ती सूचना पाठविते. गाडी थांबल्यावरच भाडे दाखविणे अशक्य मुळीच नाही.

सर्वांत जास्त कटुता आहे ती मालकाकडे जाणाऱ्या माहितीविषयी. वाहन चोरीस गेले तर ते सापडते, वाटेत बिघाड झाला तर जागा कळते, हे लाभ चालकही मान्य करतात. ‘अमुक ठिकाणी दोन तास का थांबलास’ ह्या प्रश्नास आता पुरावा मिळतो, आणि हमालांनीच उशीर केला असेल तर तो पुरावा चालकाच्या बाजूनेही बोलतो. अडचण होते ती गुणांकनात. जोराने ब्रेक दाबला की यंत्र ती चालकाची चूक म्हणून नोंदविते. बैंगनवाडीच्या रस्त्यावर चेंडूमागे मूल धावत आले आणि चालकाने गाडी जागच्या जागी उभी केली, तर महिनाअखेरीस त्याच्या नावावर एक गुण कमी होतो. यंत्रास ब्रेक कळतो, मूल कळत नाही. द्रुतगती मार्गावर सरळ गाडी हाकणारा आणि वस्तीतून दिवसभर वाट काढणारा ह्यांना एकच मोजपट्टी लावणे अन्यायाचे आहे. त्या गुणांवर पगारातील बक्षीस अवलंबून असेल, तर ते धोक्याचेही आहे. कारण ब्रेक दाबण्यापूर्वी क्षणभर विचार करण्याची सवय कोणत्याही चालकास लागता कामा नये.

येथे आणखी एक विसंगती नोंदविली पाहिजे. 1961 च्या मोटार परिवहन कामगार अधिनियमाने पाच किंवा अधिक कामगार असलेल्या आस्थापनांतील चालकांसाठी दिवसाचे आठ व आठवड्याचे अठ्ठेचाळीस तास आणि सलग पाच तासांनंतर विश्रांती असे प्रमाण घालून दिले होते. तो अधिनियम आता 2020 च्या व्यावसायिक सुरक्षा, आरोग्य व कार्यस्थिती संहितेत विलीन झाला आहे. चालक किती तास गाडीवर होता हे सिद्ध करणे पूर्वी अवघड होते, आणि वहीत काहीही लिहिता येत असे. आज ती नोंद मिनिटागणिक होत असते. परंतु हे यंत्र इंधनाचा हिशेब मागते, विश्रांतीचा मागत नाही. एकच गाडी असलेल्या मालकाच्या नोकरास तर पाच कामगारांच्या ह्या मर्यादेमुळे त्या अधिनियमाचे संरक्षण मिळतच नव्हते, आणि गोवंडीत असे नोकर पुष्कळ आहेत.

संगणकप्रणालीचा एक त्रास प्रत्यक्ष दिसत नाही, पण खिशाला जाणवतो. एप्रिल 2020 पासून भारत टप्पा सहाची प्रदूषणमर्यादा लागू झाली आणि डिझेल गाड्यांच्या धुराड्यात काजळी अडविणारी गाळणी आली. मुंबईच्या हवेसाठी, आणि विशेषतः गोवंडीसारख्या वस्तीसाठी, हे आवश्यकच होते. ही गाळणी स्वच्छ होण्यास धूर पुरेसा तापावा लागतो, आणि त्यासाठी गाडी काही वेळ बऱ्यापैकी वेगाने सलग चालावी लागते. गल्लीबोळांत आणि सिग्नलवर दिवस काढणाऱ्या पिकअपला ती संधी मिळत नाही. मग समोर पिवळा दिवा लागतो. त्याचा अर्थ न कळल्याने चालक तसाच पुढे जातो, आणि अखेरीस प्रणाली इंजिनाची ताकद आपोआप कमी करते. भर चढावर भरलेली गाडी रडू लागली की चालकाला वाटते इंजिन बसले. नाक्यावरचा जुना मिस्त्री पाना घेऊन येतो, परंतु दोष वाचण्याचे यंत्र त्याच्याकडे नसते किंवा असलेले यंत्र अपुरे असते. कंपनीच्या कार्यशाळेत जाण्यात एक दिवसाची कमाई बुडते. ‘ह्या दिव्याचा अर्थ हा, आणि तो लागला तर पूर्व द्रुतगती महामार्गावर एक सलग फेरी मारून ये,’ एवढे गाडी घेतानाच कोणी सांगितले असते, तर पुष्कळदा हा दिवस वाचला असता.

हे सांगणारे कोणी नाही, ही ह्या विषयातील मुख्य उणीव होय. 6 नोव्हेंबर 2024 रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठाने असा निर्णय दिला की, हलके वाहन चालविण्याचा परवाना असलेल्यास साडेसात टनांपर्यंतचे मालवाहू वाहन वेगळ्या नोंदीशिवाय चालविता येईल. हजारो चालकांची रोजी ह्या निर्णयाने सुरक्षित झाली आणि विमा कंपन्यांचा एक जुना वाद मिटला. त्याचा दुसरा अर्थ असा की, मोटार चालविण्याची परीक्षा दिलेला तरुण दुसऱ्याच दिवशी पिकअपवर बसू शकतो आणि तिच्यातील यंत्रणांचा परिचय त्याला कोणी करून देईलच असे नाही.

त्यानंतर सुमारे महिनाभराने, 9 डिसेंबर 2024 च्या रात्री, गोवंडीपासून फार दूर नसलेल्या कुर्ल्याच्या एस. जी. बर्वे मार्गावर बेस्टच्या सेवेत भाडेतत्त्वावर असलेली विजेवरील बस गर्दीत घुसली. सात जण दगावले आणि पुढे मृतांचा आकडा वाढला. चालकास अनुभव होता तो गिअर बदलण्याच्या वाहनांचा. ही बस स्वयंचलित होती, आणि तिच्यासाठी त्याला मिळालेले प्रशिक्षण पुरेसे होते काय, हा प्रश्न तपासात पुढे आला. दोष कोणाचा हे ठरविणे न्यायालयाचे काम आहे. परंतु वाहनाची जात बदलली असता जुन्या हाताला नवे शिक्षण लागते, ही गोष्ट त्या रात्रीनंतर कोणास पटवून देण्याची आवश्यकता उरलेली नाही. विजेवर चालणाऱ्या लहान मालगाड्या 2022 पासून बाजारात आहेत, आणि उद्या त्या गोवंडीच्या गल्लीतही शिरतील.

उपाय फार खर्चाचे नाहीत. वाहन ताब्यात देताना विक्रेत्याने मालकासच नव्हे, तर ते चालविणाऱ्यास अर्धा दिवस बसवून मराठीतून वा हिंदीतून प्रत्येक दिव्याचा व सूचनेचा अर्थ समजावून द्यावा आणि त्याची सही घ्यावी. वडाळ्याच्या प्रादेशिक परिवहन कार्यालयात गोवंडीची वाहने नोंदविली जातात. नोंदणीच्या वेळी ही सही पाहणे तेथे सहज शक्य आहे. औद्योगिक प्रशिक्षण संस्थांतील मोटार मेकॅनिकच्या वर्गात नाक्यावरच्या मिस्त्र्यांसाठी सायंकाळचा अल्पमुदतीचा वर्ग उघडला, तर पाना धरणारा हात दोष वाचण्याचे यंत्रही धरू लागेल. गावोगावी पिकअपसाठी कर्जाचे अर्ज भरणाऱ्या तरुणांना शिक्षकांनी व पंचायत सदस्यांनी हप्त्याबरोबरच हेही विचारावे की, ही गाडी कोणती माहिती कोणाला पाठविते, आणि ती बंद करता येते की नाही.

हा शेवटचा प्रश्न कायद्याच्याही कक्षेत आला आहे. वैयक्तिक डिजिटल माहितीच्या संरक्षणाचा अधिनियम 2023 साली झाला. त्याचे नियम नोव्हेंबर 2025 मध्ये अधिसूचित झाले आणि माहिती गोळा करणाऱ्यांवरील मुख्य बंधने त्यानंतर अठरा महिन्यांनी लागू होतात. नोकरीच्या कारणासाठी व नुकसान टाळण्यासाठी मालकास नोकराची माहिती संमतीविना वापरता येईल, अशी सवलत ह्याच अधिनियमात आहे. पिकअपच्या चालकाचे दिवसभराचे भ्रमण ह्या सवलतीत कोठवर बसते, आणि काम संपवून गाडी घराजवळ उभी केल्यानंतरचे ठिकाण तीत बसते काय, हे नेमणुकीच्या वेळी कागदावर लिहून घेतलेले बरे. गोवंडीत आज बहुतेक नेमणुका तोंडी होतात.