ठरवायचं कुणी?



तंजावरहून कुंभकोणमकडे निघालं की वाटेत पापनाशम लागतं. तालुक्याचं गाव. पारलिंगी व्यक्तींविषयीचा २०१९ चा कायदा आणि २०२० चे नियम आले, तेव्हा इथल्या पारलिंगी व्यक्तीने ओळखीच्या दाखल्यासाठी जिल्हाधिकाऱ्यांकडे अर्ज करायचा, सोबत प्रतिज्ञापत्र जोडायचं, असं ठरलं. वैद्यकीय तपासणीची अट नव्हती. मात्र पुढे कागदावर ‘स्त्री’ किंवा ‘पुरुष’ अशी नोंद हवी असली, तर शस्त्रक्रिया झाल्याचं रुग्णालयाचं प्रमाणपत्र आणावं लागे. एकाच कायद्यात एका कलमाला माणसाचा शब्द पुरत होता, दुसऱ्याला पुरत नव्हता.

सर्वोच्च न्यायालयाने १५ एप्रिल २०१४ रोजी निकाल दिला होता, की लिंगओळख ज्याची त्याने ठरवावी. शस्त्रक्रियेची सक्ती नको. त्या खटल्यात आपल्या ठाण्याच्या पारलिंगी कार्यकर्त्या लक्ष्मीनारायण त्रिपाठीही होत्या. तरी २०१६ च्या विधेयकात ‘धड स्त्री नाही, धड पुरुष नाही’ अशा थाटाची व्याख्या आली. त्यावर टीका झाली आणि ती गळली.

‘मग उद्या कुणीही उठून काहीही सांगेल,’ असं लोक म्हणतात. सांगणाऱ्याच्या पदरात काय पडतं, तेही बघा. घर सुटतं, शाळा सुटते, भाड्याने खोली मिळत नाही. फुकटच्या फायद्यासाठी हा सौदा कोण करेल? तुरुंग, खेळ, आरक्षण यांचे प्रश्न खरे आहेत. त्यांचे नियम त्या त्या ठिकाणी करावेत. त्यासाठी प्रत्येकाच्या अंगाची झडती कशाला?

तंजावरचंच उदाहरण घ्या. सरफोजीराजांच्या दरबारात चिन्नय्या, पोन्नय्या, शिवानंदम आणि वडिवेलू या चार भावांनी भरतनाट्यमची घडी बसवली. त्यांच्या वंशातले किट्टप्पा पिळ्ळै. मदुराईहून घर सोडून आलेल्या एका पारलिंगी मुलीला त्यांनी शिष्या केलं, ‘नर्तकी’ हे नाव दिलं आणि वर्षानुवर्षं शिकवलं. गुरूने तपासले ते तिचे अडवू म्हणजे पदन्यास, तिचा ताल, तिचा अभिनय. त्याच नर्तकी नटराज यांना २०१९ साली पद्मश्री मिळाली.

त्याच वर्षी एप्रिलमध्ये मद्रास उच्च न्यायालयाच्या मदुराई खंडपीठापुढे तूतुकुडीचं एक जोडपं आलं. देवळात लग्न लागलेलं, पण वधू पारलिंगी म्हणून निबंधकाने नोंद नाकारलेली. न्यायालयाने सांगितलं, हिंदू विवाह कायद्यातल्या ‘वधू’मध्ये पारलिंगी स्त्रीही येते, लग्न नोंदवा.

मला हाच मार्ग पटतो. आपण कोण, हे माणसाने सांगावं. नोंदवहीवाल्याने ते नीट अक्षरात लिहून घ्यावं आणि पुढच्या माणसाला बोलवावं.