कुत्र्याच्या पाठीचा कणा व लहान छेदाची शस्त्रक्रिया

ठाण्याच्या वर्तकनगरांत गृहनिर्माण मंडळाच्या जुन्या इमारतींतून सायंकाळीं उपवन तलावाच्या बाजूस निघणारी मंडळी पाहिली, तर त्यांच्या हातांतील दोरीच्या टोकास हल्लीं नाना जातींचीं कुत्रीं दिसतात. त्यांत आखूड पायांचा, लांब पाठीचा डाकशुंड अगर शिह-त्झू असावयाचाच. अशा कुत्र्यांच्या बाबतींत एक प्रसंग पशुवैद्यांच्या नित्य परिचयाचा आहे. रात्रीं दिवाणावरून उडी मारून खालीं आलेला प्राणी सकाळीं पाहावें तों मागचे पाय ओढीत सरपटत असतो! घरांतील वडील माणसें म्हणतात, पायांवरून वारें गेलें. कोणी तेल चोळतो, कोणी शेकतो, कोणी आपल्याच गुडघेदुखीची गोळी अर्धी करून भरवितो. यांतील शेवटचा उपाय तर घातकच होय. कारण माणसांच्या वेदनाशामक गोळ्यांनीं कुत्र्याच्या जठरास व्रण पडतात व मूत्रपिंडें बिघडतात. परंतु सर्वांत मोठें नुकसान होतें तें या उपचारांत निघून जाणाऱ्या वेळाचें.

झालेलें असतें तें असें. दोन मणक्यांच्या मध्यें एक गादी असते. तिचा गाभा मऊ आणि कवच चिवट. आखूड पायांच्या जातींत हा गाभा वयाच्या पहिल्या एक-दोन वर्षांतच सुकूं लागतो व पुढें चुन्यासारखा होतो. मग एखाद्या किरकोळ हिसक्यानें कवच फाटतें आणि तो चुरा उसळून मज्जारज्जूवर आदळतो. छाती संपून कंबर सुरू होते त्या सांध्याच्या आसपास हें अधिक घडतें. स्वीडनमधील हान्सेन या पशुवैद्यानें 1952 सालीं या विकाराच्या दोन प्रकारांचें विवेचन केलें, आणि 2017 सालीं त्याच्या मुळाशीं असलेला आनुवंशिक दोष कुत्र्याच्या बाराव्या गुणसूत्रावर सांपडला. डाकशुंडांपैकीं सुमारें चार-पांचांत एकास हा आजार आयुष्यांत केव्हां तरी गांठतो. मनुष्यानें हौसेनें पाय आखूड करून घेतले, त्याची किंमत बिचारी पाठ देते. गल्लींतल्या गांवठी कुत्र्यास हें दुखणें क्वचित. त्याचा कणा मोडतो तो मोटारीखालीं.

पशुवैद्य प्रथम काय पाहतो? मागच्या पायाचें बोट चिमट्यानें घट्ट दाबतो. पाय आखडून घेतला एवढ्यानें त्याचें समाधान होत नाहीं; ती केवळ रज्जूच्या खालच्या भागाची प्रतिक्रिया असूं शकते. कुत्रा मान वळवून पाहूं लागला, ओरडला किंवा चावावयास आला, तरच वेदना मेंदूपर्यंत पोहोंचली असें ठरतें. ही जाणीव शाबूत असतां शस्त्रक्रिया झाली, तर दहांतील सुमारें नऊ कुत्रीं पुन्हा चालूं लागतात. ती गेली असेल, तर जेमतेम निम्मीं. आणि सकाळीं असलेली जाणीव कित्येकदां रात्रींपर्यंत राहत नाहीं.

रूढ शस्त्रक्रियेंत पाठीवर लांब छेद घेऊन स्नायू हाडापासून सोडवितात, मणक्याच्या कमानीची एक बाजू कोरून खिडकी पाडतात आणि तींतून चुरा काढून रज्जूवरील दाब हटवितात. अलीकडील पद्धतींत स्नायू सोडवावयाचे नाहींत, तर बारीक नळ्या एकीवर एक सारून त्यांचे तंतू फांकवावयाचे आणि त्या वाटेनें दुर्बिणीच्या साह्यानें तेंच काम करावयाचें. माणसांच्या कण्यासाठीं हा मार्ग फोली व स्मिथ या अमेरिकन शल्यवैद्यांनीं 1997 सालीं पुढें मांडला; कुत्र्यांकडे तो मागाहून आला. स्नायूंस इजा कमी, वेदनाही कमी. तथापि बाहेरचा छेद लहान झाला म्हणून आंतील काम लहान होत नाहीं. हाड कोरावयाचें तें कोरावेंच लागतें, आणि रज्जू तितकाच नाजूक असतो. नळींतून दिसतें तें फार थोडें. चुरा दोन-तीन मणक्यांपर्यंत पसरलेला असला, किंवा शेजारची नीला फुटून रक्त भरूं लागलें, तर अनुभवी शल्यवैद्य निमूटपणें छेद वाढवितो. त्यांत कमीपणा नाहीं. चालण्याच्या दृष्टीनें लहान छेद मोठ्याहून सरस ठरतो, असें अद्याप सिद्ध झालेलें नाहीं. म्हणून छेद किती इंचांचा हें विचारण्यापूर्वीं, एम्. आर्. आय्. अथवा सी. टी. चित्रण आज होईल काय, आणि शस्त्रक्रिया आजच होईल काय, हें मालकानें विचारावें. साध्या क्ष-किरण चित्रांत रज्जूवरील दाब दिसत नाहीं.

मुंबईंत परळचें पशुवैद्यकीय महाविद्यालय 1886 पासून आहे. महालक्ष्मी येथें टाटा न्यासाचें लहान प्राण्यांचें रुग्णालय 2024 मध्यें सुरू झालें. वर्तकनगराहून तेथवर जाणें रहदारीच्या वेळीं सोपें नव्हे. कुत्र्यास काखेंत मारून नेऊं नये. सपाट फळीवर आडवें निजवून, पंचानें सैल बांधून न्यावें. लिफ्ट नसलेल्या इमारतींत तर हें दोघांचें काम आहे. ज्याची केवळ पाठ दुखते, पण पाय चालतात, त्यास बहुधा शस्त्रक्रिया लागतही नाहीं. चार आठवडे पिंजऱ्यांत सक्तीची विश्रांती पुरते.

शस्त्रक्रियेनंतरचें काम घरच्यांचें. लघवी आपोआप होत नसेल, तर दिवसांतून तीन-चार वेळां पोट हलकेंच दाबून मूत्राशय रिकामें करावें लागतें. पशुवैद्याकडून तें एकदां नीट शिकून घ्यावें. घरांत ज्यास किळस कमी, त्याजकडेच हें काम बहुधा येतें. अंथरूण कोरडें ठेवावें, कूस वरचेवर बदलावी. पाय पुन्हा टेकूं लागले, तरी दिवाणावरील उडी बंद. आणि जिना यापुढें मालकाच्या हातांवरूनच उतरावयाचा.