आयनी द्रव, विकरे आणि धुण्याचे पाणी

कपडे धुण्याच्या अनेक पुडींत दोन निरनिराळे घटक एकाच वेळी काम करीत असतात. पहिला पृष्ठक्रियाकारी पदार्थ. त्याच्या रेणूचे डोके पाण्यात रमते व शेपूट तेलकट मळात रुतते. त्यामुळे मळ सुटतो. दुसरा घटक विकर, म्हणजेच एन्झाइम. ते रक्त, दूध यांच्या डागांतील प्रथिने तोडते. धुलाईसाठी विकरे वापरण्याचे पेटंट जर्मन रसायनज्ञ ऑटो रोम यांनी १९१३ मध्ये घेतले.

या दोघांचे नेहमीच जमते असे नाही. विकर हे स्वतः प्रथिन असून त्याची घडी शाबूत असेपर्यंतच ते काम करते. सोडियम डोडेसिल सल्फेटसारखा विद्युतभारित पदार्थ ही घडी उलगडून विकर निकामी करू शकतो. सौम्य पर्यायाच्या शोधात शास्त्रज्ञांचे लक्ष आयनी द्रवांकडे वळले.

आयनी द्रव म्हणजे १०० अंश सेल्सियसच्या आत वितळणारे क्षार. खाण्याचे मीठ वितळण्यास ८०१ अंश तापमान लागते. पॉल वाल्डेन यांनी १९१४ मध्ये वर्णन केलेले इथिल अमोनियम नायट्रेट मात्र १२ अंशांनाच वितळते. अशा क्षाराच्या आयनाला कार्बनची लांब साखळी जोडली की तो पृष्ठक्रियाकारी बनतो. हे द्रव सहसा वाफ होऊन हवेत मिसळत नाहीत. म्हणून त्यांना पर्यावरणस्नेही म्हटले जाऊ लागले.

परंतु हवा न बिघडविणारा पदार्थ पाणीही बिघडविणार नाही, असे नव्हे. लांब साखळीचे इमिडाझोलियम क्षार जलचरांना विषारी ठरतात व सावकाश विघटित होतात. मळात रुतणारे शेपूटच जीवपेशीच्या आवरणात आणि विकराच्या घडीतही शिरते. यावर उपाय म्हणून साखळीत एस्टर बंध घालतात किंवा कोलीनसारखा सजीवांत आढळणारा घटक वापरतात. एस्टर बंध जिवाणूंची विकरे तोडू शकतात.

येथे जुना अनुभव उपयोगी पडतो. १९५०च्या दशकात फांद्यायुक्त साखळीचे प्रक्षालक जिवाणूंना पचेनात व पश्चिम जर्मनीतील नद्यांवर फेसाचे थर साचले. अखेर १९६१ मध्ये तेथे कायदा करावा लागला.

तेव्हा पर्यावरणस्नेही या शब्दाची कसोटी दुहेरी असावी. धुण्याच्या पाण्यात विकर टिकले पाहिजे आणि सांडपाण्यातील जिवाणूंच्या विकरांपुढे तो पदार्थ स्वतः टिकता कामा नये. मोरीचे पाणी शेवटी गावच्या ओढ्यालाच मिळते.