संस्थांची उमेदवारी



आज ज्या विषयावर चार शब्द बोलण्याचें मीं योजिलें आहे, तो प्रथमदर्शनीं कांहींसा रुक्ष वाटेल. एखाद्या अनाथाश्रमाच्या, वाचनालयाच्या किंवा वसतिगृहाच्या कार्यकारी मंडळांत पदव्युत्तर वर्गांतील विद्यार्थ्यांना वर्षभर बसूं द्यावें कीं नाहीं, हा तो विषय. पण आपल्या वऱ्हाडांतील किती संस्था आणखी वीस वर्षांनीं चालू राहतील आणि कितींच्या दाराला कुलूप लागेल, याचें उत्तर पुष्कळ अंशीं या रुक्ष प्रश्नांतच दडलेलें आहे, असें मला वाटतें.

प्रथम परदेशांतील रीत सांगतों. अमेरिकेंत व्यापारशिक्षणाचीं मोठमोठीं विद्यालयें आहेत. स्टॅनफर्ड, नॉर्थवेस्टर्न विद्यापीठाचें केलॉग, बर्कले येथील हास हीं त्यांपैकीं कांहीं. तेथील पदव्युत्तर विद्यार्थ्यांना आसपासच्या धर्मादाय संस्थांच्या नियामक मंडळांवर साधारणपणें एका शैक्षणिक वर्षापुरतें बसवितात. त्यांना तिकडे बोर्ड फेलो म्हणतात. असा विद्यार्थी मंडळाच्या सभांना हजर राहतो, कागदपत्रें वाचतो, चर्चेंत भाग घेतो. मत मात्र देत नाहीं. मंडळांतील एखादा जुना सभासद त्याचा मार्गदर्शक होतो. वर्षभरांत संस्थेच्या गरजेचें एखादें काम त्यानें पुरें करून द्यावें, अशी अपेक्षा असते. देणगीदारांची माहिती नीट लावणें, एखाद्या नव्या उपक्रमाच्या खर्चाचा अंदाज करणें, अशा प्रकारचें तें काम.

आपल्या भाषेंत अशा विद्यार्थ्याला ‘उमेदवार सभासद’ म्हणतां येईल. येथें उमेदवार म्हणजे निवडणुकीला उभा राहणारा नव्हे. पूर्वीं कचेरींत किंवा पेढीवर बिनपगारी बसून काम शिकणाऱ्याला उमेदवार म्हणत, आणि त्याच्या त्या शिकण्याला उमेदवारी म्हणत. तोच अर्थ मला अभिप्रेत आहे.

नांव नवें असलें तरी वस्तु आपल्याला अपरिचित नाहीं. गोपाळ कृष्ण गोखले १८६६ सालीं जन्मले आणि १८८४ सालीं बी. ए. झाले. त्यानंतर थोड्याच वर्षांत, म्हणजे आजचा विद्यार्थी ज्या वयांत एम. ए. किंवा एम. कॉम. करितो त्या वयांत, ते पुण्याच्या सार्वजनिक सभेच्या कामांत शिरले. ही सभा १८७० सालीं स्थापन झालेली. तिचें त्रैमासिक त्यांनीं संपादिलें, पुढें तिची चिटणिशी केली. पाठीशीं न्यायमूर्ति रानडे होते. सरकारी अहवाल कसा वाचावा, आंकडा कसा पारखावा, अर्जांतील एक वाक्यही पुराव्यावांचून कसें जाऊं देऊं नये, हें शिक्षण गोखल्यांना कोणत्याही महाविद्यालयांत मिळालें नाहीं. तें संस्थेच्या कामांत आणि गुरूच्या डोळ्यांसमोर मिळालें. १८९७ सालीं वेल्बी कमिशनापुढें त्यांनीं विलायतेंत साक्ष दिली, तेव्हां त्यांचें वय अवघें तीस वर्षांचें होतें. पुढें १९०५ सालीं त्यांनीं भारत सेवक समाज स्थापन केला, त्यांत नव्या सभासदानें पहिलीं पांच वर्षें शिक्षणांत घालवावीं असा नियमच ठेवला. देशसेवेची इच्छा झाली म्हणजे देशसेवा येते, असें त्यांनीं मानलें नाहीं.

आपल्या वऱ्हाडाकडे वळलों, तर येथील थोर संस्थाही तरुणांनींच उभारलेल्या दिसतात. अमरावतीचें हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ वैद्य बंधूंनीं १९१४ सालीं काढलें, आणि १९३६ सालीं त्याच मंडळाच्या पथकानें बर्लिनच्या ऑलिंपिकप्रसंगीं आपले देशी खेळ जगाला करून दाखविले. डॉ. पंजाबराव देशमुख विलायतेंतील अभ्यास संपवून १९२६ सालीं परतले, अमरावतींत श्रद्धानंद छात्रालय काढून शेतकऱ्यांच्या मुलांची राहण्याची सोय केली, आणि १९३२ सालीं श्री शिवाजी शिक्षण संस्था स्थापन केली. त्यांचा जन्म १८९८ चा. म्हणजे त्या वेळीं ते चौतीस वर्षांचेही नव्हते. अकोल्याचें श्री शिवाजी महाविद्यालय याच संस्थेच्या छायेंत वाढलें. दाजीसाहेब पटवर्धनांचें कुष्ठरोग्यांसाठीं उभें राहिलेलें तपोवन १९४६ चें. या संस्था काढणाऱ्यांना वाट दाखविणारी जुनी संस्था पुष्कळदां जवळ नव्हती. त्यांनीं पडत-धडपडत वाट काढली. आपल्यापुढचा प्रश्न निराळा आहे. आपल्याला संस्था काढावयाच्या नाहींत. निघालेल्या संस्था पुढच्यांच्या हातीं सोंपवावयाच्या आहेत.

सोंपविण्याच्या बाबतींत आपल्याच जिल्ह्यांत जन्मलेल्या गाडगेबाबांसारखा दुसरा धडा नाहीं. त्यांनीं ठिकठिकाणीं धर्मशाळा बांधविल्या, पण त्यांतील एकीवरही स्वतःचा किंवा घरच्यांचा हक्क ठेविला नाहीं. पंढरपूरची चोखामेळा धर्मशाळा त्यांनीं १९४९ सालीं डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीला देऊन टाकिली. हें त्यांनीं आपल्या हयातींत, आपल्या हातानें केलें. संस्था आपल्या पश्चात् कोणाकडे जावी याचा विचार आपण असतांनाच करावयाचा असतो.

असा विचार झाला नाहीं म्हणजे काय होतें, याचें एक उदाहरण माझ्या पाहण्यांतील आहे. एका लहान वाचनालयाची ही हकीगत. नांव सांगण्याचें कारण नाहीं. त्याचे चिटणीस अनेक वर्षें एकच गृहस्थ होते. कष्टाळू, निःस्पृह, वक्तशीर. त्यांच्या कारकीर्दींत एक रुपया इकडचा तिकडे झाला नाहीं. पण संस्थेची घटना कोठें ठेविली आहे, ठेव कोणत्या बँकेंत आहे, अनुदानाचा अर्ज कधीं करावयाचा असतो, हें त्यांच्याशिवाय कोणासही ठाऊक नव्हतें. ते वारले. कपाटाची किल्ली सांपडली, कागद सांपडले, पण कागदांचा अर्थ लावणारा सांपडेना. विश्वस्त म्हणून ज्यांचीं नांवें नोंदलेलीं होतीं, त्यांतले तिघे आधींच दिवंगत झालेले. आपल्याकडील १९५० च्या सार्वजनिक विश्वस्त व्यवस्थेच्या कायद्याप्रमाणें असा बदल नव्वद दिवसांच्या आंत धर्मादाय कचेरीला कळवावा लागतो. तो कोणी कळविलेला नव्हता. नव्या मंडळाच्या सह्या बँक मान्य करीना. दोन वर्षें नवीं पुस्तकें आलीं नाहींत. वर्तमानपत्रांचीं बिलें चार वाचकांनीं आपसांत वर्गणी काढून भागविलीं. कोणीं अफरातफर केली नाहीं, कोणाचें भांडण झालें नाहीं. एका सज्जन माणसाबरोबर संस्थेचें सगळें ज्ञान निघून गेलें, एवढेंच घडलें.

आतां दुसरी बाजू पाहा. आमचे विद्यार्थी समाजकार्यापासून दूर आहेत, असें म्हणतां येणार नाहीं. राष्ट्रीय सेवा योजना १९६९ सालीं सुरू झाली. तींत विद्यार्थ्यानें दोन वर्षांत २४० तास सेवा करावयाची असते. समाजकार्याच्या पदव्युत्तर वर्गांत क्षेत्रकार्य असतें, त्यासाठीं मुलें-मुली आठवड्यांतून कांहीं दिवस संस्थांत जातात. २०१६ च्या विद्यापीठ कायद्यानें तर महाविद्यालय विकास समितींत विद्यार्थी परिषदेच्या अध्यक्षाला आणि सचिवाला जागा दिलेली आहे. म्हणजे विद्यार्थ्याला मंडळांत बसविण्याचें तत्त्व आपल्या कायद्यानें मान्य केलें. पण तें त्याच्या स्वतःच्या महाविद्यालयापुरतें. बाहेरच्या संस्थेंत तो खड्डे खणतो, झाडें लावितो, पाहणीचे तक्ते भरतो, रुग्णांशीं आणि अनाथ मुलांशीं बोलतो. ज्या खोलींत त्या संस्थेचे निर्णय होतात, त्या खोलीचें दार मात्र त्याला बंद असतें. श्रमदान त्याला कळतें; ठराव कळत नाहीं. देणगी कशी मागावी हें त्याला कळतें. आलेल्या देणगीचा हिशेब कसा द्यावा हें कळत नाहीं. आणि मग तीस वर्षांनीं आपण तक्रार करितों कीं, जबाबदारी घ्यावयाला कोणी पुढें येत नाहीं.

यावर माझी सूचना अगदीं साधी आहे. प्रत्येक मंडळानें दरवर्षीं दोन पदव्युत्तर विद्यार्थी निमंत्रित म्हणून घ्यावे. त्यांना मत नसावें. सहीचा अधिकार नसावा. ते विश्वस्त नव्हेत, हें ठरावांत स्पष्ट लिहावें. पहिल्या तीन महिन्यांत त्यांनीं संस्थेची घटना, मागील पांच वर्षांचीं इतिवृत्तें आणि ताळेबंद वाचावे. पुढील सहा महिने प्रत्येक सभेला बसावें आणि त्या अवधींत एकच काम पुरें करावें. शेवटच्या तीन महिन्यांत आपल्या जागीं येणाऱ्याला तें काम समजावून द्यावें. या शेवटच्या भागाला मी सर्वांत अधिक महत्त्व देतों. कारण जो सोंपवावयाला शिकला, तोच उद्यां चांगला विश्वस्त होईल.

काम कोणतें, हें विद्यार्थ्याच्या विद्येवरून ठरावें. अकोल्याच्या कृषि विद्यापीठांतील विद्यार्थी एखाद्या गोरक्षण संस्थेंत बसला, तर त्यानें तीन वर्षांचा चाऱ्याचा खर्च महिनावार मांडावा. सुगीनंतर कुटार स्वस्त असतें आणि उन्हाळ्यांत महाग होतें, हें सर्वांस ठाऊक आहे. पण ठाऊक असणें निराळें आणि ‘सुगींत सांठवण केली असती तर इतके रुपये वांचले असते’ असा आंकडा सभेपुढें ठेवणें निराळें. वाणिज्य शाखेची विद्यार्थिनी वसतिगृहाच्या मंडळांत बसली, तर तिनें मोबाईलवरून येणाऱ्या देणग्या आणि फाडलेल्या पावत्या यांचा मेळ घालावा. मराठीच्या विद्यार्थ्यानें वाचनालयाच्या जुन्या इतिवृत्तांची सूची करावी. हीं कामें लहान दिसतात, पण संस्था अशाच लहान कामांवर उभ्या असतात.

यावर आक्षेप येतील, ते मला ऐकूं येत आहेत. पहिला आक्षेप असा कीं, मंडळांतील गोष्टी बाहेर जातील. नोकराच्या चौकशीसारखा एखादा नाजूक विषय असेल, तर तेवढ्यापुरतें विद्यार्थ्याला बाहेर बसवावें. परंतु ज्या मंडळाला आपला जमाखर्चच दोन विद्यार्थ्यांपासून लपवावासा वाटतो, त्यानें आक्षेप कोणावर घ्यावयाचा याचा पुन्हां विचार करावा. दुसरा आक्षेप अनुभवाचा. पोरसवदा माणसाला काय समजतें, असें विचारलें जातें. मी चाळीसएक वर्षें शाळेंत शिकविलें. वर्गांतला सर्वांत उपयुक्त प्रश्न बहुधा ज्याला कांहीं समजलेलें नसतें त्यानेंच विचारलेला असतो. ‘ही ठेव या बँकेंत कां आहे?’ असें नवा माणूस विचारतो, तेव्हां जुन्यांना त्याचें उत्तर शोधावें लागतें. आणि कधीं कधीं उत्तर नसल्याचें आढळून येतें.

तिसरा आक्षेप सर्वांत खरा आहे. मुलें पदवी घेऊन पुण्याला किंवा मुंबईला निघून जातात. मग त्यांना शिकवून आपल्या संस्थेला काय मिळालें? याला माझीं दोन उत्तरें आहेत. दहा जणांतून दोन तरी येथें राहतात, आणि आज ते दोनही मंडळाच्या दारापर्यंत पोंचत नाहींत. जे आठ जातात, ते जेथें जातील तेथें एखाद्या संस्थेच्या उपयोगी पडतील, आणि गांवच्या संस्थेला देणगी पाठवितांना काय विचारावें, हें त्यांना कळत असेल. समजून देणारा एक देणगीदार भावनेच्या भरांत देणाऱ्या दहांच्या तोडीचा असतो.

एक सावधगिरीची सूचना मात्र दोन्ही पक्षांना केली पाहिजे. मंडळांनीं या विद्यार्थ्याला फुकटचा कारकून समजूं नये. सभेचा चहा सांगणें, पत्रें टंकणें, समारंभांत खुर्च्या मांडणें, एवढ्यावरच त्याचें वर्ष संपलें तर ती उमेदवारी नव्हे, वेठ झाली. आणि विद्यार्थ्यानें केवळ प्रशस्तिपत्रकाच्या आशेनें यांत पडूं नये. ज्याला सहा सभा मुकाट्यानें ऐकण्याचा धीर नाहीं, त्याच्या सातव्या सभेंतील भाषणाला वजन येत नाहीं.

आपल्या घरांतून एखादी मुलगी एम. एस्सी. करीत असेल, एखादा मुलगा एम. कॉम. करीत असेल. त्यांच्या परीक्षेची, नोकरीची काळजी आपण करितोंच. त्याबरोबर एकदां असेंही विचारावें कीं, बाळ, आपल्या गांवांतील कोणत्या संस्थेची घटना तूं वाचली आहेस? मुलींविषयीं तर हें मी आग्रहानें सांगतों. संस्थांचें पुष्कळसें प्रत्यक्ष काम स्त्रिया करितात, आणि मंडळाच्या खुर्च्यांवर त्या क्वचित् दिसतात. दोन उमेदवारांपैकीं एक मुलगी असावी असा नियम केला, तर हें वैगुण्य हळूहळू दूर होऊं लागेल.

आणि जे माझ्यासारखे वयस्क आज मंडळांत आहेत, त्यांना शेवटची विनंति. मी मॅट्रिकपर्यंत शिकलेला मनुष्य. पदवीधरांना काय शिकवावयाचें, असा संकोच माझ्यासारख्याला वाटणें साहजिक आहे. तो नको. कोणता देणगीदार पत्रानें प्रसन्न होतो आणि कोणाच्या घरींच जावें लागतें, कोणती जमीन कोणत्या अटीवर मिळाली, कोणता वाद पूर्वीं कसा मिटला, हें कोणत्याही विद्यापीठांत शिकवीत नाहींत. तें आपल्यापाशीं आहे, आणि आपल्याबरोबर तें जाणार आहे. ३१ मार्चला हिशेब बंद होतात, आणि त्यानंतर वार्षिक सभा भरतात. त्या सभेच्या विषयपत्रिकेवर यंदा हा एक विषय घाला, दोन खुर्च्या अधिक मांडा, आणि त्यांवर बसणाऱ्यांच्या हातीं पहिल्याच दिवशीं संस्थेची घटना द्या. बाकीचें ते विचारतील.