बळकट बाई आणि आपली नजर



आज आम्ही जरा अवघड विषय मांडणार आहोत. उंच, पिळदार बांध्याच्या बाईकडे समाज कोणत्या नजरेने पाहतो आणि ती कोणाला आवडली तर आपण त्याला का हसतो, हा तो विषय.

1954 साली हमीदा बानू या पहिलवान बाईंनी जाहीर आव्हान दिले होते: जो मला कुस्तीत हरवील त्याच्याशी मी लग्न करीन. त्यांचे वजन 108 किलो, उंची 5 फूट 3 इंच. त्याच वर्षी बडोद्यात त्यांनी बाबा पहिलवानांना 1 मिनिट 34 सेकंदांत हरविले. त्यांचे वजन आणि त्यांचा खुराक यांच्या बातम्या छापून येत, कुस्ती पाहायला लोक गर्दी करीत. परंतु कोल्हापुरात त्यांनी एका पुरुष मल्लाला हरविले तेव्हा प्रेक्षकांनी हुर्यो उडविली, दगड फेकले. पुण्यातील त्यांची एक कुस्ती विरोधामुळे रद्द झाली. म्हणजे पाहण्याची ओढ होती, पण ती जिंकलेली सोसवत नव्हती.

असे का व्हावे? शेतात, बांधकामावर, ओझी वाहण्यात राबलेल्या आपल्या आया-आज्यांचे दंड पिळदारच होते. त्या बळावर घरे उभी राहिली. सौंदर्याचा मान मात्र नाजूक हातांना मिळाला, कारण ज्या हातांना काम पडत नाही तेच नाजूक राहतात. कष्टाला कमी लेखणाऱ्या समाजाने कष्टाच्या देहालाही कमी लेखले.

आता वारे बदलत आहे. 2000 साली सिडनी ऑलिंपिकमध्ये स्त्रियांच्या वेटलिफ्टिंगला प्रथमच स्थान मिळाले आणि करनम मल्लेश्वरी यांनी एकूण 240 किलो वजन उचलून कांस्यपदक आणले. 2016 साली रिओमध्ये भारताला दोनच पदके मिळाली, ती दोन्ही स्त्रियांनी जिंकली: कुस्तीत साक्षी मलिक आणि बॅडमिंटनमध्ये उंचीचे सोने करणाऱ्या पी. व्ही. सिंधू. 2023 साली सांगलीत पहिली महिला महाराष्ट्र केसरी स्पर्धा झाली. कोल्हापूरच्या शेजारीच प्रतीक्षा बागडी हिने गदा उंचावली, तेव्हा लोकांनी टाळ्या वाजविल्या.

मैदानावर वाजणाऱ्या या टाळ्या घरात मात्र अजून पुरत्या पोचलेल्या नाहीत. वधू-वर मेळाव्याचा अर्ज पाहा. मुलगी मुलापेक्षा दोन बोटे तरी ठेंगणी हवी, बारीक हवी! व्यायाम करणाऱ्या मुलीला 'पुरुषी दिसशील' अशी भीती घातली जाते. वास्तविक व्यायामाने हाडे मजबूत होतात, आणि स्त्रीच्या शरीरात पुरुषी संप्रेरक कमी असल्याने तिचे स्नायू सहसा पुरुषाएवढे फुगत नाहीत. आणि कष्टाने ते कमावलेच, तर त्यात लाजण्यासारखे काय आहे?

तरुण मित्रांनो, आपल्याहून उंच, आपल्याहून बळकट मुलगी मनाला भावली तर त्यात कमीपणा नाही. मित्र हसतील म्हणून तिला नाकारू नका. मात्र आवड म्हणजे टक लावून पाहण्याचा परवाना नव्हे. तिचे बळ तुमच्या कौतुकासाठी नसते, ते तिचे स्वतःचे असते. आणि मुलींनो, कोणाच्या पसंतीसाठी पाठीला पोक काढून उभ्या राहू नका.

पालकांना आमची एकच विनंती आहे. पुढच्या मेळाव्याचा अर्ज भरताना उंचीचा रकाना जरूर भरा, पण त्यावरून माणूस मोजू नका.