पंगत उठल्यानंतर



एकदा वापरून टाकून द्यावयाच्या प्लास्टिकच्या चमच्यांवर मी बोलणार हे ऐकून, ज्या व्यासपीठावर इतिहास, अध्यात्म आणि साहित्य यांची चर्चा व्हावयाची तेथे ही क्षुद्र वस्तू कशाला, असा प्रश्न कोणाच्या मनात उद्भवला असल्यास तो अगदीच अनाठायी आहे असे मी म्हणणार नाही. परंतु ज्या दातिवरे गावाच्या एका अंगाला अरबी समुद्र आणि दुसऱ्या अंगाला वैतरणेचे मुख आहे, त्या गावाला या वस्तूची उपेक्षा परवडत नाही. कारण वरच्या अंगाच्या वस्त्यांनी ओढ्यानाल्यांत जे जे सोडून दिले ते सर्व नदी येथवर वाहून आणते, आणि आषाढातील उधाण त्यातले बरेचसे कोणाचीही परवानगी न घेता आपल्याच किनाऱ्यावर आणून टाकते.

यावर सरकारचे लक्ष नाही असे नव्हे. महाराष्ट्र शासनाने २३ मार्च २०१८ रोजी अधिसूचना काढून प्लास्टिकची ताटे, पेले, वाट्या, चमचे व काटे यांवर बंदी घातली, जुना साठा संपविण्यास तीन महिन्यांची मुदत दिली, आणि पहिल्या गुन्ह्यास ५,००० रुपयांपासून तिसऱ्यास २५,००० रुपये दंड व तीन महिन्यांच्या कैदेपर्यंत शिक्षेची तजवीज केली. पुढे १ जुलै २०२२ पासून केंद्र सरकारची बंदीही देशभर अमलात आली. त्या हुकुमात साठवणुकीचाही निषेध असल्यामुळे, शब्दाचा कीस काढू गेल्यास आपल्यापैकी बहुतेकांच्या स्वयंपाकघरातील एखादा खण जप्तीस पात्र ठरेल! तो वाद मी कायदेपंडितांवर सोपवितो. नव्याचे नऊ दिवस सरले आणि चमचे पुन्हा दिसू लागले, ही वस्तुस्थिती मात्र आपल्या सर्वांच्या परिचयाची आहे.

तेव्हा घरात येऊन पडलेल्या या ऐवजाचे करावयाचे काय? प्रथम त्याची जात ओळखावी. बादलीभर साध्या पाण्यात चमचा सोडावा, त्याला चिकटलेले हवेचे बुडबुडे बोटाने झटकावेत, आणि पाहावे: जो वर तरंगतो तो बहुधा पॉलिप्रॉपिलीनचा, आणि जो तळ गाठतो तो बहुधा पॉलिस्टायरीनचा. पहिल्याचा दांडा वाकविला तर तो मुकाट्याने वाकतो आणि वाकल्या जागी पांढरी रेघ उमटते. दुसरा कट्‌कन मोडून त्याची अणकुचीदार टोके हातात राहतात. काही दांड्यांवर त्रिकोणात अनुक्रमे ५ किंवा ६ हा आकडाही कोरलेला असतो. समुद्राचे पाणी गोड्या पाण्याहून जड खरे, पण पॉलिस्टायरीन त्याहूनही किंचित जड असल्यामुळे खाडीत गेलेला हा दुसरा चमचा तेथेही बुडतोच. म्हणजे किनाऱ्यावर उचलावयास जे सापडते ते तरंगणाऱ्यांपैकी, आणि जे बुडाले ते आपल्या दृष्टीआड तळाशी, किंवा भरती-ओहोटीच्या ओढीत लावलेल्या डोल जाळ्यांत जवळ्याबरोबर. किनारा झाडून स्वच्छ केला की काम संपले असे समजणाऱ्यांनी एवढे लक्षात ठेवावे.

बुडणाऱ्या चमच्याने ऊन पदार्थ कदापि खाऊ नये. पॉलिस्टायरीन शंभर अंशांच्या आसपास मऊ पडते, आणि ज्या स्टायरीनपासून ते बनते त्याला जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २०१८ मध्ये मानवास बहुधा कर्करोगकारक अशा द्रव्यांच्या गटात घातले आहे. असा चमचा धुऊन कपड्याच्या साबणाच्या डब्यात किंवा रांगोळीच्या पुड्यात मापासाठी टाकावा. अथवा वाडीत वांग्या-मिरच्यांच्या वाफ्यात, दांडा मातीत खुपसून आणि वरच्या वाटीवर वाणाचे नाव लिहून, उभा करावा. चमच्यांची कमळे आणि आरशाच्या चौकटी करण्याचा जो छंद अलीकडे बोकाळला आहे, त्याविषयी माझे मत प्रतिकूल आहे: वर्षभर धूळ खाऊन ते कमळ शेवटी उकिरड्यावरच जाते, आणि त्याला डिंक व रंग लागलेला असल्याने भंगारवालाही त्याला हात लावीत नाही. मेणबत्तीवर चमचे वितळवून कलाकृती घडविणे, किंवा बंब पेटविण्यासाठी त्यांचा काडीसारखा उपयोग करणे, ही तर निव्वळ अविचाराची कृत्ये होत. त्या काळ्या धुराचा पहिला घास पेटविणाऱ्याच्याच फुप्फुसात जातो.

पुनर्प्रक्रियेवर आपण फार भरवसा ठेवतो, आणि तो अस्थानी आहे. भंगाराचा व्यवहार वजनावर चालतो, आणि किलोभर माल भरावयास असे तीनचारशे चमचे लागतात; ते जातवार निवडलेले हवेत, कारण दोन्ही प्लास्टिके एकत्र वितळली तर एकजीव होत नाहीत; आणि ते तेलातुपाविना स्वच्छ हवेत. म्हणजे ज्या धुण्याचा कंटाळा म्हणून हा चमचा घरात आला, ते धुणे चमचा टाकून देतानाही चुकत नाहीच.

माझ्या मते या सर्व प्रकरणाचे मूळ त्या धुण्यात आहे. पळसाच्या पत्रावळी आणि द्रोण मागे पडले, गावकीची आणि समाजाची ताटेवाट्या पेटाऱ्यात राहिली, याचा दोष केवळ चैनीला देऊन भागणार नाही. पंगत उठल्यावर मध्यरात्रीपर्यंत राखेने भांडी घासीत बसणाऱ्या बायकांना या फेकाऊ ताटाने प्रथमच लवकर निजावयास मिळाले, आणि ज्यांनी आयुष्यात कधी परात घासली नाही त्यांनी त्या बायकांना पर्यावरणाचा उपदेश करावा, हे मला शोभादायक वाटत नाही.

म्हणून सूचना करावयाची ती अशी. ज्या मंडळाकडे सामायिक भांडी आहेत त्याने त्यांची नोंदवही पुन्हा उघडावी, आणि ज्याच्याकडे नाहीत त्याने स्टीलची ताटे, वाट्या व चमचे वर्गणीतून घ्यावेत. प्रत्येक ताटामागे भाडे आकारताना धुलाईची मजुरी त्यातच धरावी, आणि ती भांडी घासणाऱ्याच्या हाती त्याच रात्री रोख द्यावी. जेथे मजूर मिळत नाही तेथे, पंगतीत कंबर कसून वाढणाऱ्या तरुण मंडळींची नावे, वाढप्यांच्या यादीखालीच, घासणाऱ्यांच्या यादीतही लिहावीत. अध्यक्षमहाराज, आपल्या मंडळाच्या पुढच्या सभेत ही यादी करावयास घेतल्यास पहिल्या ओळीत माझे नाव घालण्यास माझी हरकत नाही.